राजधानी, राज्य आणि भाषा : चांद्याची व फिनलंडची

कोणत्याही मुलखाची ओळख करून घ्यावयाची म्हणजे आपण तीन प्रश्न विचारतो : राजधानी कोणती, राज्य कोणाचे आणि लोकांची भाषा कोणती? भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येकाचे उत्तर एका ओळीत मिळते. हेच प्रश्न आम्ही आपल्या चंद्रपुराला, म्हणजे जुन्या चांद्याला, विचारणार आहोत. आणि उत्तर नीट उमगावे म्हणून सोबतीला दूरच्या फिनलंडला घेणार आहोत. तोही आपल्यासारखाच अरण्याचा मुलूख आहे.

प्रथम राजधानी. गोंड राजांची गादी आधी सिरपूरला, मग बल्लारपूरला होती. पुढे खांडक्या बल्लाळशहाने इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळ हे नगर वसविले, असे परंपरा सांगते. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे परकोटाचे चार दरवाजे आजही उभे आहेत. आपण त्यांतून रोज बाजारहाटाला जातो. पण ही एका राजधानीची वेस आहे, हे ध्यानात येत नाही.

आता राज्य. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा हा एक जिल्हा उरला. १८६१ साली तो मध्य प्रांतात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळी झाली. राजुऱ्यात १९४० साली जन्मलेल्या माणसाने तर घर न सोडता निजामाचे संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र असे चार अंमल पाहिले!

फिनलंडची कथा अशीच आहे. शतकानुशतके तेथे स्वीडनचे राज्य होते. १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला. जुनी राजधानी तुर्कू स्वीडनच्या फार जवळ, म्हणून १८१२ साली राजधानी हेलसिंकीला हलविण्यात आली. ६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला.

म्हणजे राजधानी आणि राज्य ही वरून आलेल्या हुकुमाने बदलतात. भाषेचे मात्र तसे नसते. फिनलंडात बहुसंख्य लोक फिनिश बोलत. पण कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ स्वीडिश भाषेत चाले. एलियास लोन्रोट नावाच्या डॉक्टरने गावोगाव हिंडून फिनिश गीते गोळा केली आणि १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य छापले. १८६३ साली झारने फिनिश भाषेला वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा हुकूम काढला. आज दोन्ही राष्ट्रभाषा आहेत. स्वीडिश मातृभाषा असणारे शेकडा पाचच उरले. पण त्यांचा हक्क कोणी काढून घेतला नाही.

आपल्याकडे शहरात मराठी, पूर्वेस झाडीबोली, सिरोंच्याकडे तेलुगू आणि एटापल्ली-भामरागडच्या रानात गोंडी व माडिया. हे नगर वसविणाऱ्या राजांच्या समाजाची भाषा गोंडी. पण तिला कचेरीत जागा नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. गोंडीहून कमी लोकांची बोडो त्यांत आहे, गोंडी नाही. तेव्हा अडचण केवळ संख्येची नव्हे. फिनिश बहुतांशी एका सीमेत राहिली. गोंडी अनेक राज्यांत विभागली गेली. तिची रूपे निराळी, लिप्याही निराळ्या. तरीही धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, ही गोष्ट लहान नव्हे.

शेवटी एकच सांगावेसे वाटते. फिनिश भाषेचा कैवार घेणारा स्नेलमन हा स्वतः स्वीडिशभाषी घरातला होता. त्याच्यासारख्या अनेक शिकलेल्या शहरवासीयांनी खेड्यातली भाषा आपली मानली. जटपुऱ्याच्या दरवाजातून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना गोंडीत पाणी मागता येते? आम्हालाही येत नाही, हे कबूल करून आम्ही हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो.