कूलंट भरण्याचें निर्वात साधन

मोटारीच्या रेडिएटरमध्यें वरून कूलंट ओतल्यास इंजिनांत कोठें तरी हवा अडकून राहण्याचा संभव असतो. मग तेवढा भाग तापून हेड गॅस्केट जाण्याची भीति. निर्वात साधन आधीं आंतील हवा ओढून काढतें, व त्या पोकळींत कूलंट आपोआप शिरतें. बहुतेक साधनें काँप्रेसरच्या हवेवर चालतात; तो घरीं नसल्यास हातपंपाचें घ्यावें. रबरी बूच आपल्या गाडीच्या तोंडांत घट्ट बसतें कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. किंमतीचा विचार त्यानंतर. भरण्यापूर्वीं, इंजिन पूर्ण थंड असतां, कांटा २० ते २५ इंच पाऱ्यावर आणून कांहीं मिनिटें थांबावें. तो उतरल्यास कोठें तरी गळती किंवा बूच ढिलें आहे असें समजावें. एथिलीन ग्लायकॉलचें कूलंट गोड पण विषारी असतें. काढलेलें जुनें पाणी गुरांच्या वाटेवर ओतूं नये.