साडेबारा टक्के आणि दहा टक्के

उरण तालुक्यात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला फेरविक्रीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि आमच्याकडची भातखाचरे, मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. घेतानाचा भाव आणि नंतरचा भाव यांतले अंतर गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर परिसरात आंदोलन पेटले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. जमीन हातची गेली, तरी तिच्या वाढलेल्या मोलात मूळ मालकाचा वाटा राहतो, हे ते तत्त्व.

मोरा बंदरातून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि जहांगीर कलादालन गाठायचे, हा माझा जुना परिपाठ. तिथे भिंतीवरची चित्रे पाहताना तोच हिशेब मनात येतो : चित्राच्या वाढत्या मोलात चित्रकाराचा वाटा किती?

धनिक संग्राहकांना सरसकट दोष देता येणार नाही. १९५२ साली उघडलेले हे कलादालनच कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला, तेव्हा त्यांची चित्रे घेणारे फार थोडे होते. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले श्लेसिंगर, लायडन आणि लँगहॅमर यांनी या तरुणांना आधार दिला. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन चित्रे विकत घेतली. १९६८ पासून चित्रे जमवणाऱ्या जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर्वांना पाहता येतो.

या खरेदीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा पैसा हयात चित्रकाराच्या हाती पडत होता. त्यातून रंग येत, खोलीचे भाडे निघे. कलादालनही जगे, कारण ते विक्रीतला ठरलेला हिस्सा घेते आणि त्या बळावर उद्याच्या अनोळखी चित्रकाराला भिंत देते. १९६३ साली सुरू झालेल्या केमोल्ड गॅलरीने १९७५ मध्ये जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे मांडली, ती अशीच जोखीम होती.

लिलावाचे गणित निराळे. तिथे विकणारा संग्राहक असतो आणि घेणाराही संग्राहकच. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या लिलावात तैयब मेहतांच्या 'महिषासुर'ला सुमारे १५.८ लाख डॉलर आले. चित्रकार तेव्हा ऐंशी वर्षांचे आणि हयात होते. पण तिथल्या कायद्याने त्या रकमेत त्यांचा हक्काचा वाटा नव्हता. २०१३ साली मुंबईत गायतोंडे यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेले. त्यांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. अशा आकड्यांचा फायदा कलावंताला होतच नाही असे नाही. त्याच्या पुढच्या चित्रांचा भाव वाढतो. मात्र ज्यांची नावे आधीच मोठी आहेत, त्यांच्याच भोवती पैसा फिरत राहतो आणि नवख्यांची भिंत रिकामी राहते.

आपल्याकडे यावर कायदा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आले. चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर मूळ कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो. कमाल मर्यादा दहा टक्के. लेखकांनीही कान टवकारावेत, कारण साहित्यकृतीच्या मूळ हस्तलिखितालाही हे कलम लागू आहे. फ्रान्समध्ये असा हक्क १९२० पासून आहे.

अडचण वसुलीची आहे. वाट्याची टक्केवारी कलमाने थेट ठरवून दिलेली नाही आणि खाजगीत झालेला सौदा कलावंताच्या कानावर जाईलच असे नाही. जमिनीला सातबारा असतो, हात बदलला की फेरफार नोंदवला जातो. चित्राला तसा उतारा नाही.

म्हणून ओळखीच्या तरुण चित्रकारांना मी एकच सांगतो : पहिल्या विक्रीपासून पावती करा, छायाचित्र ठेवा, घेणाऱ्याचे नाव लिहा, आणि चित्र पुढे विकल्यास कळवीन अशी एक ओळ त्याच्याकडून लिहून घ्या. आणि अलीकडे भूखंडाच्या पैशातून नवी घरे सजवणाऱ्या आमच्या माणसांना सांगतो : ते चित्र जवळच्या, हयात चित्रकाराकडून घ्या आणि ती ओळ आनंदाने लिहून द्या. साडेबारा टक्क्यांसाठी काय मोजावे लागले, हे आपल्याला माहीत आहे.