नेत्रविकार आणि झोप व मनःस्थितीच्या तक्रारी

नेत्रविकार असलेल्या व्यक्तींमध्ये निद्रानाश, दिवसा येणारी अनावर झोप, चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. या तक्रारी दृष्टी गमावल्याच्या दुःखातून उद्भवतात, असे दीर्घकाळ मानले जाई. ते अंशतः खरे आहे. मात्र डोळा हे केवळ पाहण्याचे इंद्रिय नसून शरीरातील जैविक घड्याळाला दिवस-रात्रीची वर्दी देणारे इंद्रियही आहे, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. त्यामुळे नेत्रविकारात झोप बिघडेल की नाही, हे दृष्टी किती गेली यापेक्षा डोळ्याचा कोणता भाग निकामी झाला यावर पुष्कळदा अवलंबून असते.

प्रकाश आणि जैविक घड्याळ

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही दृष्टिचेता जेथे एकमेकींना ओलांडतात त्या जागेच्या लगेच वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंज असतो. झोप, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरकांची दैनंदिन चढउतार यांची वेळ हा पुंज ठरवतो. माणसातील या घड्याळाचे एक आवर्तन नेमके २४ तासांचे नसून सरासरीने त्याहून १० ते १२ मिनिटे अधिक असते. ही तफावत डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशामुळे रोजच्या रोज दुरुस्त होते. अंधार पडल्यावर पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि तेजस्वी प्रकाशात त्याचा स्राव थांबतो.

हे काम डोळ्यातील कोणत्या पेशी करतात, याचे उत्तर उशिरा सापडले. अमेरिकी संशोधक क्लाइड कीलर यांना १९२०च्या दशकात दंडपेशी नसलेल्या आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या प्रकाशात आकुंचन पावताना दिसल्या होत्या. पण त्या निरीक्षणाकडे पुढे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत ‘मेलॅनॉप्सिन’ हे प्रकाशसंवेदी प्रथिन आढळले. पुढे ते मानवी दृष्टिपटलातही सापडले. दंडपेशी व शंकुपेशी नसलेल्या उंदरांचे जैविक घड्याळ प्रकाशाने जुळते, हे रसेल फॉस्टर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. तर मेलॅनॉप्सिन असलेल्या गुच्छिकापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले. मानवी दृष्टिपटलातील सुमारे १० लाख गुच्छिकापेशींपैकी अशा पेशी केवळ काही हजार असतात. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात.

दृष्टिहीनता आणि सरकती झोप

प्रकाशाची वर्दी मुळीच पोहोचत नसेल, तर जैविक घड्याळ आपल्या अंगभूत गतीने चालू राहते. या अवस्थेला ‘चोवीस तासांशी न जुळणारा निद्रा-जागृती विकार’ म्हणतात. प्रकाशाची जाणीव पूर्णतः गमावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये तो आढळतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीतील अंध पुरुषाचे आवर्तन २४.९ तासांचे होते. तो इतरांसारखीच दिनचर्या पाळण्याचा प्रयत्न करीत असूनही त्याचे शरीर त्या दिनचर्येशी जुळत नव्हते.

समजा, एखाद्याचे आवर्तन साडेचोवीस तासांचे आहे. त्याची झोपेची नैसर्गिक वेळ रोज अर्ध्या तासाने पुढे सरकेल. २४ दिवसांनी शरीराची मध्यरात्र भर दुपारी येईल आणि ४८ दिवसांनी ती पुन्हा मूळ जागी पोहोचेल. म्हणजे काही आठवडे झोप उत्तम, मग काही आठवडे रात्री टक्क जाग आणि दिवसा पेंग, असे चक्र चालू राहते. याच कारणाने निदान चुकते. वाईट आठवड्यांत झोपेची गोळी सुरू केली, तर पुढे चांगले आठवडे आपोआप येतात आणि श्रेय गोळीला मिळते. चक्र फिरले की गोळी ‘चालेनाशी’ होते. शाळेत किंवा नोकरीत अशा व्यक्तीवर आळशीपणाचा शिक्का बसतो, आणि तो तिला स्वतःलाही हळूहळू खरा वाटू लागतो.

याउलट, काही दृष्टिहीन व्यक्तींचे घड्याळ बिनचूक जुळलेले असते. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रकाशाची किंचितही जाणीव नसलेल्या ११ अंध व्यक्तींची तपासणी केली. त्यांपैकी तिघांच्या शरीरातील मेलॅटोनिन तेजस्वी प्रकाशात घटले. डोळे झाकून प्रकाश दिला असता मात्र ते घटले नाही. डोळा पाहू शकत नसला तरी प्रकाश ‘जाणत’ होता. वेदना देणारा किंवा विद्रूप झालेला अंध डोळा काढून टाकण्याचा निर्णय घेताना ही बाब महत्त्वाची ठरते. रुग्णाला रात्री नियमित झोप लागते का, हा साधा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी विचारला गेला पाहिजे.

विकारानुसार फरक

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात मुख्यतः दंडपेशी व शंकुपेशी नष्ट होतात. मेलॅनॉप्सिनयुक्त पेशी पुष्कळदा टिकून राहतात. लेबरच्या आनुवंशिक दृष्टिचेताविकारात इतर गुच्छिकापेशी मरत असताना याच पेशी तुलनेने तग धरतात. काचबिंदूचे तसे नाही. त्यात गुच्छिकापेशींचाच ऱ्हास होत असल्याने आजार वाढतो तशी घड्याळाला मिळणारी वर्दीही क्षीण होते. बालपणी दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे दोन्ही डोळे काढावे लागलेल्या व्यक्तींना ही वर्दी मिळण्याचा मार्गच उरत नाही.

मोतीबिंदूत पिवळसर झालेले भिंग निळा प्रकाश अडवते. शस्त्रक्रियेनंतर झोप सुधारल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. निळा प्रकाश गाळणारे पिवळे कृत्रिम भिंग बसवल्यास हा लाभ हुकेल, अशी शंका घेतली गेली. तुलनात्मक अभ्यासांत मात्र ठोस फरक आढळलेला नाही.

संबंध उलट दिशेनेही असतो. झोपेत श्वास वारंवार अडणाऱ्या व्यक्तींमध्ये पापण्या सैल पडणे, दृष्टिचेतेचा रक्तपुरवठा अचानक खंडित होणे आणि काचबिंदू यांचे प्रमाण अधिक आढळते.

मनःस्थिती

पीतबिंदूच्या वार्धक्यजन्य ऱ्हासाने ग्रस्त असलेल्या वृद्धांच्या काही पाहण्यांत सुमारे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये नैराश्य आढळले. वाचन, शिवण, स्वयंपाक, ओळखीचा चेहरा ही नित्याची सुखे हातून निसटतात. बाहेर पडण्याची भीती वाटू लागते. त्यातून एकटेपणा येतो आणि दिवसाचा उजेडही कमी मिळतो. काचबिंदूत दृष्टी बरीचशी शाबूत असतानाही ती जाईल ही धास्ती मन पोखरते. शुष्क डोळ्यांच्या विकारात दृष्टी जात नाही, तरी सततची जळजळ, अपुरी झोप आणि नैराश्य यांचा त्यात घनिष्ठ संबंध दिसतो.

अधू दृष्टीच्या काही व्यक्तींना प्रत्यक्षात नसलेली माणसे, नक्षी वा प्राणी दिसतात. स्विस निसर्गवैज्ञानिक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत या लक्षणांचे वर्णन केले. हे वेडाचे लक्षण नव्हे. पण तसे समजले जाईल या भीतीने अनेक रुग्ण ते घरच्यांपासूनही लपवतात आणि धास्तावलेले राहतात. ‘असे अनेकांना होते’ एवढे ऐकूनच पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो.

औषधांचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही. डोळ्यातील दाहासाठी पोटात घ्यावी लागणारी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे झोप उडवतात आणि मनःस्थितीत तीव्र चढउतार घडवू शकतात. डोळ्यातील दाब कमी करणाऱ्या ॲसेटाझोलामाइडच्या गोळ्यांनी थकवा, अन्नावरची वासना जाणे आणि उदासी येऊ शकते. दुसरीकडे, ॲमिट्रिप्टिलिनसारखी काही नैराश्यरोधके डोळे कोरडे करतात आणि डोळ्यातील कोन अरुंद असलेल्यांमध्ये काचबिंदूचा तीव्र झटका आणू शकतात. म्हणून नेत्रतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनाही रुग्णाची सर्व औषधे ठाऊक असणे आवश्यक असते.

निदान आणि उपचार

सरकत्या झोपेचे निदान एका भेटीत होत नाही. किमान काही आठवड्यांची झोपेची नोंदवही, मनगटावरील हालचालमापक आणि शक्य असल्यास मूत्रातील मेलॅटोनिनच्या उपपदार्थाची वारंवार तपासणी यांवरून आवर्तन किती लांबीचे आहे ते कळते. उपचारात ठरलेल्या वेळी दिलेले मेलॅटोनिन वापरतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० मिलिग्रॅम मेलॅटोनिनने सातपैकी सहा अंध व्यक्तींचे घड्याळ २४ तासांशी जुळले. पुढे त्याहून बऱ्याच कमी मात्राही पुरेशा ठरल्या. येथे मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची असते, त्यामुळे ते मनाने घेणे इष्ट नाही. टॅसिमेल्टिऑन या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०१४ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. प्रकाशाची वर्दी अद्याप पोहोचत असलेल्यांना सकाळी मोकळ्या उजेडात काढलेला वेळ उपयोगी पडतो. मात्र दृष्टिपटलाचा विकार असल्यास प्रखर प्रकाशोपचारापूर्वी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो.

नैराश्यावर नेहमीचे मानसोपचार लागू पडतातच. परंतु दृष्टिपुनर्वसनाची जोड दिल्यास ते अधिक परिणामकारक होतात. पीतबिंदूचा ऱ्हास झालेल्या १८८ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आवडती कामे नव्या रीतीने पुन्हा सुरू करण्याचे मार्गदर्शन पुनर्वसनासोबत मिळालेल्या गटात चार महिन्यांत १२.६ टक्के जणांना नैराश्य आले; पुनर्वसनासोबत केवळ आधाराचे संभाषण मिळालेल्या गटात हे प्रमाण २३.४ टक्के होते. भारतात पांढऱ्या काठीचा वापर, ब्रेल आणि व्यवसाय यांचे प्रशिक्षण १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅब’सारख्या संस्था देतात. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून, ती आवाजावर चालत असल्याने दृष्टिहीन व्यक्तीला कोणाच्या मदतीवाचून वापरता येते.