साप चावल्यावर दुखण्याची गोळी का नको?

मंडळी, शहापूर-मुरबाडकडे भाताची आवणी लागली की दोन दुखणी ठरलेली. वाकून वाकून कंबर धरते, आणि बांधावर साप चावण्याचं भय असतं. कंबरेसाठी डायक्लोफिनॅकची गोळी घरात असतेच. तीच सर्पदंशाला दिली तर? यासाठी आपल्याला दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, समजून घ्यावी लागतील.

पेशीच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्ल बांधलेलं असतं. इजा झाली की फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर ते मोकळं करतं. मग सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स, त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार करण्याचं काम सुरू करतं. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज येते, मज्जातंतू हळवे होतात.

कॉक्सची रचना पाहा. आत एक अरुंद बोगदा असतो. कसाऱ्याचा बोगदा डोळ्यांपुढे आणा ना! आम्ल त्यातून आत शिरतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन हा बोगदाच अडवतात. ॲस्पिरिन तर तिथे कायमचा अडथळा करून ठेवते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन थांबवतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता साप. घोणस आणि फुरशाच्या विषातही फॉस्फोलायपेज ए-२ असतं. म्हणून दंशाची जागा भराभर सुजते, ठणकते. विषातली इतर विकरं रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतात.

इथेच गोळीचा धोका आहे. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटाव्यात म्हणून कॉक्स-१ थ्रॉम्बोक्सेनच्या निर्मितीला हातभार लावतं. गोळीनं तेही अडतं. ॲस्पिरिनचा परिणाम तर त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, राहतो. आधीच रक्त गोठत नाही, त्यात ही भर! घोणशीच्या विषानं मूत्रपिंडं धोक्यात येतात, तिथेही या गोळ्या घातकच. शिवाय ठणका कमी झाला म्हणजे विष उतरलं, असं मुळीच नाही.

मग करायचं काय? हातपाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा. तिथे काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का, ते पाहतात. विषावर उतारा प्रतिसर्पविषाचाच. आपल्याकडचं हे औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालतं. वेदनेसाठी काय द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. घरातली गोळी कंबरेपुरतीच ठेवू, तीही डॉक्टरांना विचारूनच.