कानांची कैफियत

गेल्या गणेशोत्सवातील गोष्ट. चिंचवडच्या विसर्जन मिरवणुकीत आमचे ढोल-ताशा पथक वाजवीत होते आणि बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत होते. घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहाने विचारले, "बाबा, कसं झालं वादन?"

"ढोल छान घुमत होते गं," बाबा म्हणाले, "पण ताशे हल्ली पूर्वीसारखे कडक वाजत नाहीत."

मी स्वतः ताशा वाजवते. माझा चेहरा पडला. तेव्हा आई हळूच म्हणाली, "अगं, ताशे तेच आहेत. यांचे कान ते राहिले नाहीत."

बाबांनी भोसरीतील एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षे काढली. पत्र्यावर प्रेस पडू लागला की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावे लागे. पाळी संपली की कानांना दडे बसत, रात्री कानात रातकिडे ओरडत आणि सकाळी सारे ठीक वाटे. "सवय होते," असे जुने कामगार नव्यांना सांगत. कानाला आवाजाची सवय होत नाही, ऐकू येणे कमी होते, आणि आपण त्यालाच सवय म्हणतो!

असे का व्हावे? आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि सूक्ष्म केस असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. आवाजाने द्रव हलतो, केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. या पेशींना मैदानावरच्या गवताची उपमा द्यावीशी वाटते. एकदा तुडवले तर गवत सकाळपर्यंत पुन्हा उभे राहते. रोज तुडवले तर मरते. पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात मात्र मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. शिवाय हे सारे घडताना बहुधा काही दुखत नाही, म्हणून कोणी डॉक्टरकडेही जात नाही.

मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे तीव्र, उंच स्वरांच्या जागी बसतो. ढोलाचा घुमारा खालच्या पट्टीतला, म्हणून तो बाबांना नीट ऐकू येतो. ताशाची कडकड उंच पट्टीतली, म्हणून ती हरवते. बोलण्यातही हेच होते. स्वर ठसठशीत असतात, पण स, त, थ, फ ही व्यंजने उंच आणि नाजूक. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. आई 'ताट' म्हणते आणि बाबा 'पाट' शोधतात. आम्ही पूर्वी हसत असू. आता हसत नाही.

हे दुखणे नवे नव्हे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले आहे : दिवसभर तांब्यावर हातोडे मारून ही माणसे ऐकण्यास कमी होतात आणि म्हातारपणी पार बहिरी होतात. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात जे व्यवसायजन्य रोग सरकारला कळवणे बंधनकारक होते, त्यांच्या यादीत गोंगाटाने येणारे बहिरेपणही होते.

"पण तो गोंगाट, हे तर संगीत!" असे कोणी म्हणेल. मीही म्हणत असे. कानाला हा भेद कळत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधील व्हायोलावादक ख्रिस्तोफर गोल्डशायडर यांना २०१२ मध्ये वाग्नरच्या संगीताच्या तालमीत ऐन पितळी वाद्यांच्या पुढे बसावे लागले आणि त्यांच्या कानांना कायमची इजा झाली. २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये तो अपिलातही टिकला.

आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये पुण्यातील पथकांत तीसच वादक असावेत असे सांगितले, तेव्हा मोठी चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली आणि आम्हा वादकांना आनंद झाला. पण ढोलांच्या ऐन मध्यभागी उभा असतो तो वादकच!

आता थोडे गणित. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत सोसता येतो, असा एक मान्य दंडक आहे. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून सोसण्याचा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे! आमचा सराव गणपतीआधी दोन महिने, रोज दोन-अडीच तास चालतो. मी मोबाइलवर आवाज मोजून पाहिला. मोबाइलचे माप अगदी अचूक नसते हे खरे, पण आकडा शंभराच्या खाली येईना.

आणखी एक गंमत पाहा. माझा दादा चाकणच्या एका कारखान्यात आहे. तिथे कानात इअरप्लग घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकू देत नाहीत. तोच दादा संध्याकाळी पथकात ढोल वाजवतो, तो मोकळ्या कानांनी!

बाबांची श्रवणचाचणी करायला गेलो, तेव्हा मी माझीही करून घेतली. बाबांच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खोल दरी होती. माझ्या डाव्या कानाच्या आलेखात त्याच जागी एक लहानसा खळगा होता. मी एकोणीस वर्षांची आहे.

तेव्हापासून मी आणि दादा इअरप्लग घालून वाजवतो. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. फोमचे प्लग स्वस्त असतात, पण ते उंच स्वर जास्त कापतात. वादकांसाठी वेगळे प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळपास सारखेच कमी करतात. पहिल्या आठवड्यात मला पाण्याखाली वाजवल्यासारखे वाटले, दुसऱ्या आठवड्यात हात बसला. ताल चुकला नाही. सरावात मधूनमधून लांब जाऊन बसावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सराव झाल्यावर लगेच हेडफोन लावू नये. कानात गुणगुण सुरू झाली तर तो कानाचा निरोप समजावा, आणि एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

बाबांना आता श्रवणयंत्र घेतले आहे. यंत्र गेलेले परत आणत नाही, उरलेले मोठे करते. यंदाही ते मिरवणुकीला येणार आहेत. ताशे कडक वाजले की नाही, ते मी त्यांना पुन्हा विचारणार आहे. आणि माझी मुलगी मला हा प्रश्न विचारील, तेव्हा खरे उत्तर देण्याइतके कान माझ्याजवळ शिल्लक असावेत, एवढीच माझी इच्छा आहे.