पत्र खरोखर कोणाचें?

टपालाच्या पाकिटावर पाठविणाराचें नांव कोणीहि कांहींहि लिहावें. टपालखातें त्याची शहानिशा करीत नाहीं. ई-मेलचीहि मूळची स्थिति हीच. १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं ई-मेलच्या वाहतुकीचे नियम शब्दबद्ध केले, तेव्हां पाठविणाराचें नांव पडताळण्याची तरतूद त्यांत नव्हती. बँकेच्या नांवानें येणारीं बनावट पत्रें याच उणिवेवर पोसलीं.

पुढें उपाय निघाले. प्रत्येक संस्थेचें इंटरनेटवर एक डोमेन, म्हणजे पत्त्यांतील ‘ॲट’ चिन्हापुढचें नांव असतें. आपलीं पत्रें कोणत्या सर्व्हरांनीं धाडावीं याची यादी संस्थेनें जाहीर करावयाची, हें एसपीएफ. डीकेआयएम ही मोहोर होय. पण लाखेची नव्हे. संस्थेच्या गुप्त किल्लीनें ती मजकुरावरूनच घडविली जाते आणि जाहीर किल्लीनें पडताळली जाते. वाटेंत एखादा शब्द बदलला तरी ती जुळत नाहीं.

तरीहि एक फट उरलीच. या परीक्षा ज्या डोमेनची खातरजमा करीत, तें वाचकास दिसणाऱ्या नांवाहून निराळें असूं शके! डीमार्कनें ती बुजविली : दोहोंपैकीं एका परीक्षेंतील डोमेन दिसणाऱ्या पत्त्याशीं जुळलें पाहिजे; न जुळल्यास पत्राचें काय करावें, हेंहि संस्थाच सांगून ठेवते. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रें धाडणारांस फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनें हे तिन्ही उपाय सक्तीचे केले.

भामटा मात्र चतुर. बँकेच्या नांवांतील एखादें अक्षर फिरवून तो नवें डोमेन विकत घेतो आणि तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण होतो. कारण तें डोमेन खरोखरच त्याचें असतें.