परदेशातून घर भाड्याने देताना : नातेवाईक की परका?

आम्ही दोघेही शिक्षक. नऊ वर्षे मस्कतच्या शाळेत शिकवलं आणि त्या कमाईतून नाशिकला अशोका मार्गाच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या-किचनचा फ्लॅट घेतला. चावी हातात आली तेव्हा सुट्टीचे अकरा दिवस उरले होते. फ्लॅट बंद ठेवायचा की कुणाला द्यायचा, हा प्रश्न होता. आमच्या फुफींचा मुलगा त्या वेळी वडाळा गावात एका खोलीत राहत होता. तो म्हणाला, "भाईजान, बंद ठेवण्यापेक्षा आम्ही राहतो की. घर उघडं राहील, दिवाबत्ती होईल." आम्हाला बरंच वाटलं. रिश्तेदारी निभावली जाईल, घरही सांभाळलं जाईल. भाड्याचं कुणी बोललं नाही. लाइट बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स तो भरेल, एवढंच ठरलं. चावी दिली आणि विमानात बसलो.

चार वर्षांनी आम्हाला फ्लॅट हवा होता. मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढला होता, घराचं भाडं आलं असतं तर हप्ता निघाला असता. भावाला सांगितलं. तो म्हणाला, "एक वर्ष थांबा." वर्ष गेलं. मग फुफींचा फोन आला. त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तुम्ही घर तर त्याला दिलंच होतं ना? आता परत का मागता?"

तो "दिलं" शब्द आम्ही आजही विसरलो नाही. फुफी खोटं बोलत नव्हत्या. आम्हीच चावी देताना "घर तुला दिलं" म्हणालो होतो. काय दिलं, किती दिवसांसाठी दिलं, हे ना आम्ही सांगितलं, ना त्याने विचारलं.

एक शब्द, तीन अर्थ

फिकहच्या पुस्तकांत देण्याचे हे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. मोबदला न घेता मालकीच देऊन टाकली तर तो हिबा. मालकी आपल्याकडे ठेवून वस्तू फुकट वापरायला दिली, मागितली की परत, तर ती आरियत. ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या भाड्याने दिली तर तो इजारा. आमच्या मनात आरियत होती. फुफींच्या मनात वर्षागणिक तिचा हिबा होत गेला. मराठीत आणि घरातल्या उर्दूतही तिन्हींना आपण "दिलं" एवढंच म्हणतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. मुस्लिम कायद्यानुसार हिबा तोंडीही होतो. देणाऱ्याने दिलं म्हणणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी पूर्ण झाल्या तर कागद आणि नोंदणी नसली तरी हिबा ग्राह्य धरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. आता विचार करा. नातेवाईक घरात राहतो, म्हणजे ताबा त्याच्याकडे. भाड्याची पावती नाही. मालक समुद्रापार. "त्यांनी मला हिबा केलं होतं," असं उद्या कुणी म्हणालं तर कोर्टात ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची असेल, हे खरं. पण तोवर वर्षं जातात आणि नातं तर पहिल्याच तारखेला जातं.

गोव्यातला बहीण-भावाचा एक खटला या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. बहिणीच्या मालकीच्या घरात भाऊ राहत होता. घर सांभाळायला म्हणून त्याला तिथे राहू दिलं होतं, असं बहिणीचं म्हणणं. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक दि सिक्वेरा या खटल्यात मार्च २०१२ मध्ये निकाल बहिणीच्या बाजूने लागला. न्यायालयाने स्पष्ट केलं की काळजीवाहू म्हणून किंवा मेहरबानीने फुकट राहू दिलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालकीचा हक्क मिळत नाही. "बारा वर्षे राहिला की घर त्याचं," हे आपल्या मोहल्ल्यात सर्रास बोललं जातं. ते या बाबतीत खरं नाही. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला बारा वर्षांचा तो नियम लागू होत नाही. पण परवानगी होती हे दाखवायला हाताशी काहीतरी हवं ना!

आमचं प्रकरण कोर्टात गेलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. मामूजान मध्ये पडले. भावाला दुसरं घर शोधायला आम्ही सहा महिने दिले, तिथलं डिपॉझिटही भरलं. तो गेला. पण चार ईदा फुफींच्या घरून शीरखुर्मा आला नाही.

मग परका आला

पुढच्या वेळी ठरवलं, परका भाडेकरू ठेवायचा. एजंटने पहिलाच प्रश्न विचारला, "आपल्यातलेच हवेत का?" आम्हाला आमचे लग्नानंतरचे दिवस आठवले. नाशिक रोडला फोनवर घर पक्कं व्हायचं आणि नाव सांगितलं की "घर गेलं हो" असं उत्तर मिळायचं. ज्या वागण्याने आपण दुखावलो तेच दुसऱ्याशी करायचं का? आम्ही म्हणालो, "माणूस कामाचा असावा, कागद पक्का असावा. बाकी काही बघू नका." येवल्याचं एक कुटुंब आलं. ते गृहस्थ सातपूर एमआयडीसीत नोकरीला होते. त्यांनी पाच वर्षे भाडं वेळेवर दिलं आणि करार संपला त्या दिवशी चावी दिली.

परक्याचं सगळंच गोड होतं असंही नाही. न्हाणीघरात गळती होती. खालच्यांच्या छताला ओल आली तरी आम्हाला कळवलं गेलं नाही. भाऊ राहत असता तर त्याच रात्री फोन आला असता. अम्मी आजारी होत्या तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ रात्रभर बसला होता तो भाऊच, भाडेकरू नव्हे. म्हणून "नातेवाईकांना घर देऊच नये" असं आम्ही म्हणणार नाही. आम्ही येवल्याच्या कुटुंबाला जे दिलं, ते भावाला दिलं नव्हतं. ते म्हणजे लिहिलेला करार.

लिहिण्यात संकोच कसला?

ठराविक मुदतीचं देणंघेणं असेल तर ते लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, हे सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत तपशिलाने सांगितलं आहे. ही कुरआनमधली सर्वांत मोठी आयत. त्यात घरचा आणि परका असा फरक केलेला नाही. तरी आपल्याकडे भावाकडून सही मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं मानलं जातं. खरं तर कागद दोघांच्या आठवणीला आधार देतो.

सरकारी नियमही हेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

आपल्याकडे रूढ असलेला करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. याच कायद्याच्या कलम २४ मुळे मुदत संपल्यावर राहणारा निघत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. खर्चही फार नाही. महिना १० हजार भाडं, ५० हजार परतीचं डिपॉझिट आणि ३६ महिन्यांची मुदत धरा. एकूण भाडं ३ लाख ६० हजार. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तीन वर्षांचे १५ हजार. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे साडेनऊशे रुपये. शहरात नोंदणी फी १ हजार. तीन वर्षांच्या शांततेसाठी दोन हजारांच्या आसपास!

परदेशात राहणाऱ्यांनी एवढं करावं

पहिलं, आपल्या वतीने सही करणाऱ्याला मुखत्यारपत्र द्यावं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावं आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. त्यात फक्त भाड्याने देण्याचे अधिकार लिहावेत, विकण्याचे नकोत.

दुसरं, भाडं एनआरओ खात्यातच घ्यावं. भावाच्या किंवा मेहुण्याच्या खात्यात घेऊन "आपण नंतर हिशेब करू" म्हणू नये. अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

तिसरं, अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने कर कापून भरायचा असतो, रक्कम लहान असली तरीही. कपात साधारण ३० टक्के आणि वर उपकर. हे भाडेकरूला आधीच सांगावं. आम्हाला पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून जास्तीची रक्कम परत मिळते.

चौथं, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. सोसायटीलाही लेखी कळवावं. बाहेरचा भाडेकरू असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. जवळचे नातेवाईक राहत असतील तर ते लागत नाही.

पाचवं, नातेवाईकाला फुकट द्यायचं असेल तर जरूर द्यावं, सिला-ए-रहमीचं सवाबच मिळेल. पण "मालकी आमची, राहण्याची परवानगी अमुक तारखेपर्यंत, भाडं नाही" एवढं कागदावर लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. अर्धं भाडं घ्यायचं असेल तर नोंदणीकृत करारच करावा.

गेल्या वर्षी आमच्या फुफींचा धाकटा मुलगा कतारला निघाला. त्याचं घर मेहुण्याला द्यायचं ठरत होतं. आम्ही गप्प बसलो होतो, जुन्या जखमेला हात नको म्हणून. तेव्हा मोठा भाऊच, जो आमच्या घरात पाच वर्षे राहिला तोच, म्हणाला, "आधी कागद करा. माझ्या वेळी कागद असता तर भाईजानची आणि माझी चार वर्षं वाया गेली नसती."

फुफी आतून शीरखुर्म्याचे वाटे घेऊन आल्या. पहिला वाटा त्यांनी आमच्या हातात दिला.